तासांत मोजलेला मुलूख



शहापूर तालुक्यातल्या किन्हवलीहून शहापूरला जा किंवा मुरबाडला जा, आज तासाभरात पोहोचता येतं. पूल नव्हते तेव्हा मात्र याच दोन प्रवासांची लांबी ऋतूप्रमाणे बदलायची. वैशाखात माणूस पहाटे निघून दुपारपर्यंत पोहोचायचा. श्रावणात तोच माणूस नदीच्या काठावर बसून पाणी ओसरायची वाट बघायचा.

याचं कारण जमिनीच्या ठेवणीत आहे. आपल्या नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून निघतात आणि पश्चिमेला उल्हास खोऱ्याकडे धावतात. किन्हवलीच्या उत्तरेला भातसा, दक्षिणेला शाई आणि काळू. मधल्या उंचवट्याने पूर्वेला डोळखांबकडे जाणाऱ्याला या मोठ्या नद्या आडव्या येत नाहीत, पण शहापूर गाठायचं तर भातसा ओलांडावीच लागते आणि मुरबाडला जायचं तर दक्षिणेचं पाणी. म्हणजे तालुक्याच्या गावाला जाण्यापेक्षा डोंगराच्या पायथ्याला जाणं पावसाळ्यात सोपं. आगोटीची खरेदी मृगाच्या आत उरकायची घाई उगीच नव्हती. मीठ, सुकी मासळी, मिरची एकदा घरात आली की काठाकाठाने अडकलेली गावं दसऱ्यापर्यंत आपापल्या शिध्यावर जगत.

पूर्वेला मात्र सह्याद्रीच्या चढाचा वेगळाच अडसर उभा होता. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची चढण सुरू होते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण सहा-सातशे मीटरचा चढ. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता. सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. त्या हिशेबाने नाणेघाटात नुसत्या चढाचाच तासभर वाढतो. पण हा हिशेब सडाफटिंग माणसाचा झाला. पाठीवर गोणी घेतलेल्या बैलाचा, डोक्यावर भाताचा भारा घेतलेल्या बाईचा, शेवाळलेल्या कातळाचा तास त्यात कुठे आहे? उतरणही सोपी नसते. वाल्डो टोबलर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये दिलेल्या सूत्रात हे नेमकं दिसतं: हलक्या उतारावर चाल वाढते, पण उतार तीव्र झाला की ती पुन्हा मंदावते. ओझं घेऊन घाट उतरलेल्या गुडघ्यांना हे सांगायला सूत्र लागत नाही.

एवढा त्रास असूनही माणसं त्याच वाटेने का गेली? कारण वर जुन्नर होतं आणि खाली कल्याणचं बंदर. सह्याद्रीच्या या सलग भिंतीत जनावर चढू शकेल अशा जागा मोजक्याच. म्हणूनच सातवाहनांनी इथे लेणं खोदलं, त्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख कोरला गेला आणि वाटेवर पाण्याची टाकी केली. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवतात. जिथे वाट बदलायची सोय नाही, तिथेच जकात वसूल होते, हे मला त्या रांजणापाशी उभं राहिलं की पटतं.

हे सगळं कागदावर उतरवता येतं. १८८१ साली फ्रान्सिस गॉल्टन यांनी लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोहोचता येतं, याचा रंगीत नकाशा काढला. अंतर मैलांत नाही, दिवसांत. किन्हवली मध्ये धरून असाच नकाशा आपण का काढू नये? समोच्च रेषांचा सरकारी नकाशा घ्यावा, त्यावर एका तासाच्या, दोन तासांच्या चालीच्या रेषा ओढाव्यात. आणि असे नकाशे एक नव्हे, दोन हवेत, एक उन्हाळ्याचा आणि एक पावसाळ्याचा. उन्हाळ्याच्या नकाशातली ऐसपैस वर्तुळं पावसाळ्याच्या नकाशात नदीकाठी येऊन तुटतील.

या नकाशांना रेल्वेचा तिसराही पदर आहे. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटातून कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत रेल्वे सुरू झाली. सदतीस फुटांना एक फूट असा तिचा चढ. आसनगाव, आटगाव, कसारा ही स्टेशनं अचानक घाटावरच्या देशाला जवळ आली. डोंगराला खेटलेली गावं होती तिथेच राहिली, पण मालाची वाहतूक रुळांकडे वळली आणि जुन्या घाटवाटांवर उरली ती सोयरीक, बाजार आणि देवदर्शनाला निघालेली माणसं.

चढ नकाशावरून मोजता येईल, पण नदी पायी ओलांडायचा उतार कुठे होता, कोणत्या झाडाखाली ओझं टेकायचे, आजाऱ्याला झोळीतून नेताना कुठली वाट टाळायचे, हे ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांवरच्या वृद्धांनाच ठाऊक आहे. काळू आणि शाईच्या खोऱ्यांत धरणांचे प्रस्ताव आहेत. ती झाली तर कित्येक उतार पाण्याखाली जातील. आपल्या भागातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांना वही देऊन या माणसांकडे पाठवा. उताराचं नाव, कमरेइतकं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असायचं आणि पलीकडे पहिलं गाव कोणतं, एवढं लिहून आणलं तरी पावसाळ्याच्या नकाशाचं काम सुरू करता येईल.