संशोधनपत्रिकांची पारख

कोणत्या शोधनिबंधाचा आधार पुढे कोणी घेतला, याचा माग ठेवणारी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची यूजीन गारफिल्ड यांच्या संस्थेने १९६४ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाहून काढली. आजचे ‘वेब ऑफ सायन्स’ तिच्यातूनच वाढले. ‘स्कोपस’ ही अशीच दुसरी सूची २००४ मध्ये आली. बहुतेक संदर्भ मोजक्याच पत्रिकांकडे वळतात, हे गारफिल्ड यांनी दाखवून दिले होते. त्यामुळे सूचीत सगळ्या पत्रिका न घेता निवड करण्याची पद्धत पडली.

वेब ऑफ सायन्सचे निकष २८ आहेत. आयएसएसएन क्रमांक, प्रकाशकाचा पत्ता, वेळेवर निघणारे अंक या गोष्टी प्रथम पाहिल्या जातात. खरी कसोटी त्यानंतर लागते. संपादक मंडळातील माणसे त्या विषयात काम करणारी आहेत का? निबंध छापण्यापूर्वी तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात का? पत्रिकेने सांगितलेला विषय आणि आतला मजकूर यांचा मेळ बसतो का? गुणवत्तेच्या अशा २४ निकषांना उतरलेली पत्रिका ‘इमर्जिंग सोर्सेस’ या सूचीत येते. विज्ञान, सामाजिक शास्त्रे किंवा कला व मानव्यविद्या यांच्या मुख्य सूचीसाठी प्रभावाचे आणखी ४ निकष असतात. इतर संशोधक त्या पत्रिकेचे संदर्भ किती घेतात, हा त्यांतला एक. एकदा मिळालेली जागा कायमची नसते. दर्जा घसरला, तर पत्रिका वगळली जाते.

स्कोपसमध्ये निवडीचा निर्णय विषयतज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाकडे असतो. पत्रिका किमान २ वर्षे चाललेली असावी, निबंधांचे शीर्षक व सारांश इंग्रजीत असावेत आणि संदर्भ रोमन लिपीत द्यावेत, अशा अटी आहेत. शेवटची अट मराठी पत्रिकेला फार जड जाते. देवनागरीतली सगळी संदर्भयादी रोमनमध्ये उतरवायची, तर तेवढे मनुष्यबळ छोट्या संपादक मंडळाकडे क्वचितच असते. म्हणून अशा सूचीत नाव नसणे हा मराठी संशोधनाच्या दर्जावरचा निकाल मानणे अन्यायाचे आहे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये दर्जेदार संशोधनपत्रिकांची ‘केअर’ यादी जाहीर केली. भारतीय भाषांतील पत्रिकांनाही तीत जागा होती. पत्रिका तपासण्याचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे होते. २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केली आणि पत्रिका पारखण्याचे काम निकषांच्या आधारे विद्यापीठे व महाविद्यालयांवर सोपवले.