पहिला किलोमीटर आवरून पळा



माझं काम संगणकाचं, पण आज बोलणार आहे पळण्याबद्दल. तुमच्यापैकी काही जण यंदा क्रॉस कंट्रीला उतरणार आहेत, असं सरांनी सांगितलं, म्हणून.

नववीत असताना घोडेगावच्या बाजूला अशाच एका शर्यतीत मी पळाले होते. अंतर 4 किलोमीटर. शिट्टी वाजली आणि मी जीव खाऊन सुटले. पहिल्या वळणावर सगळ्यांच्या पुढे मी! मग ढेकळांचं शेत आलं, त्यामागे चढ. पाय जड झाले, पोटात कळ आली आणि एकेक मुलगी मला ओलांडून गेली. शेवटचा टप्पा मी चालत आले. ‘आपल्यात दमच नाही’ असं ठरवून पुढची 25 वर्षं पळाले नाही. चाळिशीच्या तोंडावर पुन्हा सुरुवात केली तेव्हा कळलं, दम होता; तो मी पहिल्याच किलोमीटरला उधळला होता.

हिशोब सोपा आहे. समजा, 4 किलोमीटर 20 मिनिटांत पळण्याची तुमची तयारी आहे. म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं. पहिला किलोमीटर सव्वाचार मिनिटांत काढला तर 45 सेकंद कमावल्यासारखे वाटतात. पण त्या वेगाला प्राणवायू पुरत नाही, स्नायू लवकर थकतात. शेवटी चालायची वेळ आली, तर एकाच किलोमीटरला आठ-दहा मिनिटं जातात.

घड्याळ नसलं तरी चालेल, श्वास ऐका. सुरुवातीला दोन-चार शब्द बोलता आले पाहिजेत. चढावर वेग टिकवू नका, श्वास टिकवा. पावलं लहान ठेवा. माथ्यावर आल्यावर लगेच थांबल्यासारखं करू नका, तिथेच पुष्कळ जण ढिले पडतात. उतारावर मागे रेलून ब्रेक लावत उतरू नका.

एक अपवाद आहे. सुरुवातीनंतर लगेच अरुंद पांदण असेल, तर पहिले शंभरेक मीटर जरा जोरात जाऊन जागा धरा, नाहीतर गर्दीत अडकाल. मग मात्र वेग आवरा. म्हणून शर्यतीआधी सगळी वाट एकदा चालून बघा.

आपल्या बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे सैन्यात क्रॉस कंट्रीतूनच पुढे आले. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांना रौप्यपदक मिळालं. वेळ 8 मिनिटं 11.20 सेकंद, सुवर्णपदक फक्त 0.05 सेकंदाने हुकलं. शेवटच्या काही मीटरमध्ये ते केनियाच्या धावपटूला गाठत होते. शेवटी गाठायला ताकद शिल्लक ठेवावी लागते.

आणि पालकांना, माझ्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. एखादी मुलगी शर्यतीच्या शेवटी चालत येताना दिसली, तर तिला ‘दम नाही’ म्हणू नका. ‘सुरुवात कशी केलीस?’ एवढंच विचारा. पुढच्या शर्यतीला ती पुन्हा उभी राहील.