गेलेल्याचा क्रमांक



आमच्या वाचनालयाची सभासदवही आम्ही संगणकात नेली, तेव्हा या व्यासपीठावर केवळ क्रमांकाविषयी बोलण्याची पाळी येईल असे आम्हांस वाटले नव्हते. वहीसाठी आम्ही एसक्यूलाइट हा डेटाबेस घेतला. रिचर्ड हिप यांनी तो सन २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यास वेगळा सर्व्हर लागत नाही. सारे दप्तर एका फाइलीत मावते. गरिबाच्या संस्थेस आणखी काय हवे?

तक्त्यातील स्तंभापुढे ‘इंटिजर प्रायमरी की’ असे लिहिले की क्रमांक आपण घालावयास नको. डेटाबेस तो स्वतःच घालतो. शब्द मात्र ‘इंटिजर’ असा पूर्णच हवा. आळसाने ‘इंट’ लिहिले तर जागा रिकामी राहते, आणि तक्रारही उमटत नाही!

आता हा क्रमांक येतो कोठून? त्या घटकेस तक्त्यात जो सर्वांत मोठा असेल, त्यात एक मिळवून. ‘त्या घटकेस’ हे शब्द आम्ही लक्षपूर्वक वाचले नाहीत. आमचे २१२ क्रमांकाचे सभासद, म्हणजे अगदी शेवटचे, गाव सोडून गेले. आम्ही त्यांचे नाव काढले. दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी सभासद झाली. तिलाही २१२च मिळाला. देवघेवीच्या तक्त्यात जुन्या २१२ची दोन पुस्तके येणे होती. एकही पुस्तक न नेलेल्या त्या मुलीच्या हाती आम्ही दंडाची चिठ्ठी दिली!

यावर उपाय एका शब्दाचा: शेवटी ‘ऑटोइन्क्रिमेंट’ जोडावयाचा. मग आजवर दिलेला सर्वांत मोठा क्रमांक ‘एसक्यूलाइट सीक्वेन्स’ नावाच्या निराळ्या तक्त्यात टिपला जातो, आणि गेलेल्याचा क्रमांक दुसऱ्यास मिळत नाही. आकडा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ झाला की डेटाबेस नव्या नोंदीस साफ नकार देतो. आमच्या गावास ती भीती नाही. मधले क्रमांक मात्र सुटू शकतात. खजिनदारांनी त्याचा जाब विचारू नये.

हा शब्द सरसकट लावू नये, असे खुद्द कर्तेच सांगतात, कारण प्रत्येक नोंदीमागे थोडे काम वाढते. ते खरे. पण जो क्रमांक कार्डावर छापून लोकांच्या खिशात जातो, तेथे आम्ही तो लावूच.

तयार तक्त्यास हा शब्द मागाहून चिकटवता येत नाही. नवा तक्ता करून सगळ्या नोंदी त्यात उतरवाव्या लागल्या. त्या मुलीची क्षमा मागून तिला २१३ दिला. २१२ आम्ही जुन्या सभासदांच्याच नावे ठेवला आहे. दोन पुस्तके अद्याप यावयाची आहेत.