गणक ते संगणक : हिंगणघाटातून जाणारा एक धागा

(हिंगणघाट येथे वर्षप्रतिपदेच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज सकाळी घरोघरी गुढी उभारली गेली, पंचांगाचे पूजन झाले. त्या पंचांगातील तिथी-नक्षत्रांचे आकडे कोणीतरी आधी कष्टाने मोजलेले असतात, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. आजचा माझा विषय या मोजणाऱ्यांचा आहे. संगणक हे यंत्र विसाव्या शतकात आकाराला आले. परंतु त्याला कामाला लावणारी जी आज्ञावली, तिची बीजे त्यापूर्वीच्या मानवी गणनेत रुजलेली आहेत. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या या गावातून जातो.

कर्नल विल्यम लॅम्ब्टन याची कबर हिंगणघाटात आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ एक आधाररेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ केला. त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला आणि नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी येथे त्याचा देह पडला. पुढे हे काम त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने हाती घेतले.

या सर्वेक्षणात दुर्बिणीतून कोन मोजणे हा कामाचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा भाग म्हणजे आकडेमोड. पृथ्वीची वक्रता, हवेतून वाकणारा प्रकाश, उष्णतेने लांबणारी साखळी अशा अनेक गोष्टींची दुरुस्ती लॉगॅरिथमची कोष्टके उघडून ठरावीक क्रमाने करावी लागे. हे करणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचे नाव होते ‘कॉम्प्युटर’. होय, तेव्हा कॉम्प्युटर हा माणूस असे! १८३१ मध्ये राधानाथ सिकदार हा कोलकात्याच्या हिंदू कॉलेजचा अठरा वर्षांचा विद्यार्थी दरमहा ३० रुपयांवर या कामावर रुजू झाला आणि पुढे मुख्य गणक झाला. १८५२ मध्ये ‘शिखर क्रमांक १५’ हे जगातील सर्वोच्च शिखर असल्याचे गणनेतून निष्पन्न झाले, त्यात राधानाथांचा वाटा मोठा होता. १८५६ मध्ये जाहीर झालेली २९,००२ फूट ही उंची आणि २०२० मध्ये निश्चित झालेली ८८४८.८६ मीटर ही उंची यांत अवघे नऊ मीटरांचे अंतर आहे.

याच काळात युरोपात काय चालले होते? फ्रान्समध्ये द प्रोनी याने १७९०च्या दशकात कोष्टके तयार करण्यासाठी माणसांची जणू उतरंड रचली. वरचे मोजके गणिती सूत्रे ठरवीत, मधले त्यांचे टप्पे पाडीत आणि तळाचे लोक केवळ बेरीज-वजाबाकी करीत. चार्ल्स बॅबेजने यावरून ताडले की, तळाचे काम यंत्र करू शकेल. १८२२ मध्ये, म्हणजे लॅम्ब्टनच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, त्याने आपल्या गणनयंत्राची कल्पना मांडली. पुढे त्याहून व्यापक यंत्राचा आराखडा करताना त्याने आज्ञा देण्याची युक्ती कापडाच्या मागावरून उचलली. जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने नक्षी ठरते. माळ बदलली की माग तोच, नक्षी निराळी. आपल्या यंत्राच्या गणना करणाऱ्या भागाला बॅबेजने नाव दिले ‘मिल’! हिंगणघाटच्या श्रोत्यांना तो शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १८४३ मध्ये एडा लव्हलेस हिने त्या यंत्राकडून बर्नुली संख्या काढून घेण्याची कृती टप्प्याटप्प्याने लिहिली. तिला पहिली आज्ञावली मानले जाते. ते यंत्र मात्र कधीच पूर्ण झाले नाही.

म्हणजे आज्ञावलीचे सार यंत्रात नाही. करावयाच्या कामाची कृती आधीच इतकी नि:संदिग्ध लिहून ठेवणे की, तिच्यामागचे शास्त्र न जाणणाराही अचूक उत्तर काढील, हे तिचे सार. आता आपल्या कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ आठवा. १५२० च्या सुमाराचा त्यांचा ‘ग्रहलाघव’ हा करणग्रंथ नेमके हेच करतो. ज्या-कोज्यांची किचकट गणिते टाळून आणि ४०१६ दिवसांचे चक्र योजून आकडे लहान ठेवत त्यांनी ग्रहगणित सामान्य ज्योतिष्याच्या आवाक्यात आणले. त्यावरून शतकानुशतके पंचांगे झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ मराठीत दिली, ती याच परंपरेला नव्या वेधांची जोड देऊन.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. एव्हरेस्टची पुतणी आणि तर्कगणिती जॉर्ज बूल याची पत्नी मेरी बूल हिने लिहून ठेवले आहे की, आपल्या काकांमार्फत भारतीय विचारांचा प्रभाव बॅबेज आणि बूल यांच्यापर्यंत पोहोचला होता. ही साक्ष मोलाची आहे, पण साक्ष म्हणजे सिद्धता नव्हे. ‘सारे काही आमच्याकडे होतेच’ असे म्हणून टाळ्या मिळवणे सोपे असते. त्याने पूर्वजांचा गौरव होत नाही. कृती आपल्याकडे होती, यंत्र आपण घडवले नाही. असे का झाले? पारतंत्र्य हे एक कारण आहेच. परंतु दुसरे कारण आपल्या घरातले आहे. बॅबेज कारखान्यांतून हिंडला, मागाजवळ उभा राहिला. आपल्याकडे ग्रहगणित करणारा ज्योतिषी आणि माग चालवणारा कोष्टी एकाच गावात राहूनही एका पंगतीला बसत नव्हते. विद्या आणि हस्तकौशल्य यांची ही फारकत आपल्याला फार महाग पडली. समरसता हा म्हणूनच केवळ भावनेचा विषय नाही. ती विज्ञानाचीही गरज आहे.

राधानाथांचे पुढे काय झाले? १८४३ मध्ये सर्वेक्षणातील मजुरांना राबवून घेणाऱ्या इंग्रज दंडाधिकाऱ्याला त्यांनी विरोध केला आणि २०० रुपये दंड सोसला. सर्वेक्षणाच्या १८५१ च्या मार्गदर्शक ग्रंथात त्यांचा ऋणनिर्देश होता. त्यांच्या निधनानंतर १८७५ च्या आवृत्तीत तो गाळला गेला. शिखराला नाव लाभले ते एव्हरेस्टचे. या गावचा नामांकित कापूसही असाच गाठी बांधून परदेशी गेला आणि कापड होऊन परत आला.

आज आपली हजारो मुले-मुली आज्ञावली लिहितात. त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही विचारावेसे वाटते : आराखडा कोणाचा आणि शिखराला नाव कोणाचे? याचे उत्तर बदलता येते, हे आपल्याच विदर्भाने दाखवले आहे. महासंगणक देण्यास अमेरिकेने आडकाठी केली, तेव्हा अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला.

नववर्षाच्या या दिवशी एवढीच विनंती की, आपल्या मुलांना एकदा लॅम्ब्टनच्या कबरीपाशी अवश्य न्या. त्याच्या वीस वर्षांच्या चिकाटीला नमस्कार करा. आणि तेथेच त्यांना राधानाथ सिकदार हे नाव सांगा.