‘को.’ म्हणजे काय?

मी जुन्या सरकारी कागदांचे अनुवाद करते. जन्म, मृत्यू, लग्न यांच्या नोंदी. कधी उर्दूतून मराठीत, कधी मोडीतून, तर कधी मराठीतून इंग्रजीत. आज मी माझीच एक चूक सांगणार आहे. ऐकून तुमच्या घरातल्या पेटीतले कागद एकदा बाहेर काढाल, अशी आशा आहे.

काही वर्षांपूर्वी एक आजी माझ्याकडे आल्या. सासर मराठवाड्यातलं, माहेर बार्शीच्या बाजूचं. वडिलांच्या जमिनीत वारस म्हणून नाव लावायचं होतं. भावकीचं म्हणणं, “ही आमच्या रामजीची मुलगी कशावरून?” आजींची आई त्या लहान असतानाच गेली होती. हातात कागद एकच, गावच्या कोतवाल बुकातल्या आईच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल. मोडी अक्षरात लिहिलं होतं, ‘सोनाबाई को. रामजी’.

तोवर माझ्या हाताखालून गेलेले बहुतेक कागद निजामाच्या राज्यातले, उर्दूतले. त्यांत ‘कौम’ म्हणजे जात. मी ‘को.’चा विस्तार डोळे झाकून तोच केला आणि लिहिलं, ‘सोनाबाई, जात रामजी’.

आजींना वाचून दाखवलं. त्या क्षणभर गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “ताई, रामजी नावाची जात आमच्यात नाही. रामजी माझा बाप.”

मला घाम फुटला. बार्शी तर इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात होती. तिथले कारकून मराठीच्या जुन्या रिवाजाने लिहीत, आणि त्या रिवाजात ‘कोम’ म्हणजे बायको. म्हणजे ‘सोनाबाई, रामजीची पत्नी’. शब्दाचं मूळ एकच, पण हद्दीच्या अलीकडे अर्थ एक आणि पलीकडे दुसरा. आईचं नवऱ्याशी नातं सांगणारं एकुलतं एक अक्षर मीच पुसून टाकलं होतं. आजी बोलल्या नसत्या, तर तोच कागद त्यांच्या विरुद्ध उभा राहिला असता.

तेव्हापासून मी काही नियम पाळते. तुम्हालाही ते उपयोगी पडतील.

पहिला नियम, रकाना बघायचा. ‘मु.’ हे नुसतं अक्षर मुलगा असू शकतं, मुलगी असू शकतं आणि मुक्कामही असू शकतं. राहण्याच्या ठिकाणाच्या रकान्यात असेल तर मुक्काम. तसंच ‘व.’चं. पुढे आकडा असेल तर बहुधा वय, आणि पुरुषाचं नाव असेल तर ‘वलद’, म्हणजे अमक्याचा मुलगा.

दुसरा नियम, त्याच हातच्या आणखी दहा नोंदी वाचायच्या. कारकून कंटाळला की शब्द तोडतो, पण पानाच्या सुरुवातीला बहुधा पूरा लिहितो. आजींच्या बाबतीत आम्ही मागच्या पानांच्या नकला मागवल्या. तिथे एका बाईच्या नावापुढे ‘कोम’ स्पष्ट लिहिलेलं होतं आणि जात वेगळ्या रकान्यात होती. शंकाच मिटली.

तिसरा नियम, कागद कुठल्या राज्यातला आणि कुठल्या सनातला, हे आधी ठरवायचं. ‘फ.’ म्हणजे फसली. निजामाच्या फसली सनात 590 मिळवले की इसवी सन हाती येतं, महिन्याप्रमाणे एखादं वर्ष इकडेतिकडे. ‘श.’ म्हणजे शके. त्यात 78 मिळवायचे, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79. हा हिशोब चुकला तर माणसाचं वयच बदलतं.

चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. अर्थ लागला नाही, तर अंदाजाने भरायचा नाही. अक्षर मूळ जसं आहे तसं ठेवायचं आणि शेजारी ‘अस्पष्ट’ असं लिहायचं. अर्थ लावला असेल, तर कशावरून लावला ते खाली टिपेत सांगायचं. आजींच्या नव्या अनुवादाखाली मी लिहिलं, ‘मुळात “को.” असे आहे. त्याच पुस्तकातील इतर नोंदींवरून अर्थ “पत्नी” असा घेतला आहे.’ कचेरीतल्या माणसाला ते तपासून पाहता येतं.

आता आपल्या बायकांच्या नावांबद्दल थोडं. ‘अमुक भ्र. तमुक’ यातला ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, नवरा. त्याचा भाऊ केलेला मी पाहिलाय. ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी, विधवेच्या नावामागे लावायचे ते. इंग्रजी करताना कुणी ती नावाची आद्याक्षरं समजतं, आणि बाईच्या नावात दोन अक्षरं कायमची चिकटतात. मग बँकेत एक नाव, पासपोर्टवर दुसरं. म्हणून अनुवाद हातात पडला की सहीआधी कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. आजींनी केलं तसं. नाती तुम्हाला माहीत असतात, अनुवाद करणाऱ्याला नसतात.

मूळ नोंदीतच चूक असेल, तर अनुवादात ती गुपचूप सुधारायची नसते. त्यासाठी निबंधकाकडे अर्ज करावा लागतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 15 मध्ये तशी सोय आहे. जुनी नोंद न खोडता समासात दुरुस्ती लिहितात.

आजींचा अर्ज नव्या अनुवादासह दाखल झाला. वारसाचं काम सावकाश चालतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी जाताना कागद कपाळाला लावून त्या म्हणाल्या, “आई रामजीची होती, एवढं तरी लिहिलं गेलं.”

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुठलाही फॉर्म भराल, तेव्हा आपलं, आईचं, मुलीचं नाव पुरं लिहा. ऐंशी वर्षांनी कुणीतरी तो वाचणार आहे.