हुकूम फिरता हवा



सोळा वर्षांच्या नातवाशी बोलायचं कसं, हा प्रश्न तुमच्यापैकी अनेक आजी-आजोबांना पडत असेल. माझं उत्तर ३० पानांचं आहे: पाच-तीन-दोन.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. खेळाडू तीन. चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची पानं, शिवाय इस्पिक आणि बदाम सत्ती. प्रत्येकाला १० पानं. पहिली पाच बघून एक जण हुकूम बोलतो, त्याने पाच हात करायचे. दुसऱ्याने तीन, पिसणाऱ्याने दोन. पुढच्या डावाला पाळी बदलते. ज्याचे हात जास्त झाले, तो कमी पडलेल्याची पानं ओढतो.

मी ३४ वर्षं फौजेत होतो. तिथे हुकूम वरून खाली येतो. इथे तो फिरतो. नातू हुकूम बोलतो आणि कर्नलसाहेब मुकाट्याने दोन हात जमवत बसतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीची हवा इतकी बिघडली की शाळा ऑनलाइन झाल्या, आमच्या नोएडातही. नातू आमच्याकडेच राहतो. दिवसभर खोलीचं दार बंद. मग हिने पत्त्यांचा कॅट काढला. पहिले दोन दिवस तो "हुकूम काय?" एवढंच बोलला. तिसऱ्या दिवशी आजीचा एक्का ओढून खदखदून हसला. चौथ्या दिवशी पानं लावता लावता म्हणाला, "आजोबा, मला एनडीएला नाही जायचं."

त्याचे वडीलही फौजेत. आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. समोर बसवून विचारलं असतं, तर तो "जाईन" म्हणाला असता. पत्ते खेळताना नजर पानांवर असते, गप्प राहिलं तरी कुणाला खटकत नाही. जड गोष्ट अशा वेळीच तोंडातून निघते.

मी विचारलं, "मग काय करायचंय?"

"अजून ठरलं नाही."

"ठरव सावकाश. आता उतारी तुझी आहे."

पुढे वडिलांशी तो स्वतःच बोलला. मी नुसता शेजारी बसलो होतो.

तेव्हा मंडळी, कॅट काढा. पैसे लावू नका. मुद्दाम हरू नका, मुलांना लगेच कळतं. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आपलासुद्धा. आणि डाव चालू असताना मार्कांचा विषय काढू नका.

जय हिंद!