मोटारीतील रिकामी आसने
(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीच्या मेळाव्यात, डब्लिन येथे केलेले भाषण)



जयंतीच्या दिवशी मी कामावर जाण्यायेण्याच्या साधनांविषयी बोलणार, हे ऐकून काही मित्रांना नवल वाटले. परंतु वाहन हा विषय बाबासाहेबांच्या चरित्रात किरकोळ नाही. १९०१ साली लहानगा भीमराव घरातील मुलांसह वडिलांकडे जाण्यासाठी मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एक जण राजी झाला, तोही या अटीवर की, गाडी मुलांनी हाकावी आणि तो बाजूने पायी चालेल. १९२९ साली चाळीसगावला तेच घडले. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, परदेशी विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्यापाशी होत्या. तरी एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार झाला नाही. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला बसला वस्तीतील एक बांधव, ज्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय जायबंदी झाला.

दोन्ही प्रसंगी भाड्याची अडचण नव्हती. अडचण होती ती शेजारी बसण्याची.

म्हणून आपल्या पिढीतील माणसाने आयर्लंडात येऊन स्वतःची मोटार घेतली, तर तिच्यात केवळ चैन पाहणे अन्यायाचे होईल. त्या मोटारीत पिढ्यांचा अपमान धुऊन काढल्याचे समाधान आहे. मी तिची निंदा करणार नाही. मी फक्त एवढेच विचारतो की, एम ५० वर सकाळी तासभर अडकून पडलेल्या आपल्या मोटारीत चार आसने रिकामी का असतात?

हा प्रश्न या देशाच्या शासनालाही पडला आहे. २००९ साली आयर्लंड शासनाने 'स्मार्टर ट्रॅव्हल' हे धोरण जाहीर केले. मोटारीने कामावर जाणाऱ्यांचे प्रमाण ६५ टक्क्यांवरून २०२० पर्यंत ४५ टक्क्यांवर आणावे, असे उद्दिष्ट त्यात होते. ते साधले नाही. २०२२ च्या जनगणनेत १२ लाखांहून अधिक लोक स्वतः मोटार चालवून कामावर जात असल्याचे आढळले. कारणे उघड आहेत. घर एका उपनगरात, कचेरी दुसऱ्या, मुलांची शाळा तिसरीकडे. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या भगिनीस अवेळी बस मिळेलच असे नाही. अशांना कोणीही दोष देऊ नये.

परंतु ज्यांना शक्य आहे, त्यांच्यासाठी वाटा मोकळ्या आहेत. २००९ पासूनच सायकलसाठी 'बाईक टू वर्क' योजना सुरू आहे. मालक सायकल घेऊन देतो आणि रक्कम करापूर्वीच्या पगारातून हप्त्याने वळती होते. साध्या सायकलसाठी १,२५० युरो आणि विजेवरील सायकलसाठी १,५०० युरो ही मर्यादा २०२० साली ठरली. रेल्वे, लुआस व बसच्या मासिक वा वार्षिक तिकिटांसाठी अशीच 'टॅक्ससेव्हर' योजना आहे. दोन्ही योजना मालकाच्या मार्फतच मिळतात. म्हणून कचेरीत ती नसेल, तर ती मागणे हे आपले काम आहे. आपल्यातील जे अधिकारपदावर आहेत, त्यांनी कपडे बदलण्यास जागा, मिळून येणाऱ्यांच्या मोटारीस दाराजवळची जागा, आणि मूल आजारी पडल्यास घरी पोहोचविण्याची हमी, एवढे तरी मिळवून द्यावे. ही हमी नसल्यामुळेच पुष्कळ माता मोटार सोडू शकत नाहीत.

आता मनातले बोलतो. दोघातिघांनी एका मोटारीने जावे, असे म्हटले की आपल्यातील अनेक जण गप्प होतात. कारण ठाऊक आहे. बरोबरचा देशबांधव दुसऱ्या दिवशी विचारतो, "पूर्ण नाव काय? गाव कोणते?" आणि तिसऱ्या दिवशी त्याची वेळ जुळेनाशी होते. असा अनुभव मलाही आला आहे. त्यानंतर कित्येक महिने मी एकटाच जात राहिलो. पेट्रोल परवडते, तो प्रश्न परवडत नाही, असे मी स्वतःस सांगत असे.

पण हळूहळू ध्यानात आले की, रिकामे आसन ठेवून मी त्या गाडीवानाचाच नियम पाळत होतो. शेजारी कोणी बसू नये, ही त्याची अट होती. ती मी आपणहून स्वीकारली होती. त्यानंतर मी एका आयरिश सहकाऱ्यास आणि एका फिलिपिनो परिचारिकेस बरोबर घेऊ लागलो. पुढे एका मराठी तरुणानेही विचारले. नाव विचारण्याआधी मीच जयभीम घातला. तो आजही माझ्याबरोबर येतो.

अमेरिकेतील माँटगोमेरी शहराचा इतिहास आपण मुलांना सांगावा. १९५५ च्या डिसेंबरात रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर तेथील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस टिकला. ज्यांच्यापाशी मोटारी होत्या त्यांनी त्या समाजासाठी रस्त्यावर आणल्या, थांबे ठरविले, आणि इतर हजारो लोक पायी चालले. त्यांच्या मोटारीतील आसने रिकामी राहिली नाहीत, म्हणून लढा टिकला.

तेव्हा माझी विनंती छोटी आहे. आज घरी जाण्यापूर्वी, कोण कोठे राहतो आणि कोठे कामास जातो, याची एक यादी करू या. खर्च तेवढा वाटून घ्यावा, नफा घेऊ नये, आणि विमा कंपनीस आधी विचारावे. आठवड्यातून एक दिवस पुरे. नवागत विद्यार्थी, नुकतीच आलेली परिचारिका यांना पहिले आसन द्यावे.

ज्या महापुरुषाला टांगेवाल्याने नेले नाही, त्याच्या अनुयायांच्या मोटारीत आसन मागणाऱ्यास नकार मिळू नये. मला वाटते, जयंतीला वाहिलेले हेही एक फूल आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!